मताची पोच



मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता टीव्ही लावला की खाली पट्टी फिरू लागते, ‘टपाली मतांची मोजणी सुरू’. घरात त्या वेळी चहा चाललेला असतो, पोहे व्हायचे असतात आणि तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. खरी गंमत यंत्रं उघडल्यावर, असं सगळ्यांना वाटतं. मी मात्र तो पहिला अर्धा तास खुर्चीतून हलत नाही. बायको म्हणते, “एवढं काय असतंय त्यात?” काय असतं, ते आज लिहून टाकतो. वीस वर्षं कुणाला बोललो नव्हतो. ज्यांना आधी सांगायला पाहिजे होतं त्यांना सांगून झालं आहे, म्हणून आता तुमच्यासमोर मांडायला हरकत नाही.

गोष्ट आमच्या अण्णांपासून सुरू होते. अण्णा म्हणजे थोरले बंधू, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन बेळगावला परत आले. रेजिमेंटचं सेंटरच आपल्या गावात. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात भावकीत कुणीच पलटणीत नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही. त्यामुळे टपाली मतदान हा विषय पुण्या-मुंबईच्या लोकांना परका वाटला तरी आपल्याकडे तो घरातलाच आहे.

फौजेतल्या माणसाच्या मताचा विचार आपल्या कायद्यानं सुरुवातीपासून केला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं ठरवलं की जवान नोकरीला कुठंही असो, फौजेत नसता तर तो जिथं राहिला असता तिथलाच रहिवासी धरायचा. १९५१ च्या कायद्यातल्या कलम ६० नं त्याला टपालानं मत देण्याची वाट करून दिली. त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकोलाही ही सोय मिळाली. मात्र बाई फौजेत असेल तर तिच्या नवऱ्याला नव्हती. हा भेद मिटायला २०२१ साल उजाडलं. तेव्हा कुठं ‘पत्नी’ हा शब्द काढून ‘जोडीदार’ घातला.

जवानांखेरीज ही सोय आणखी काही जणांना होती. परदेशातल्या वकिलातींत काम करणारे सरकारी नोकर, राष्ट्रपती-राज्यपाल यांच्यासारखे पदाधिकारी, निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी आणि प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेले लोक. हे शेवटचं ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. शिक्षा भोगणाऱ्या किंवा कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण गुन्हा शाबीत न करता नुसतं स्थानबद्ध करून ठेवलेल्याला तुरुंगातून टपालानं देता येतं. आणि साधा माणूस, म्हणजे बदलीच्या गावी अडकलेला कारकून, पुण्याला कारखान्यात कामाला गेलेला खानापूरचा पोरगा, याला ती सोय कधीच नव्हती, आजही नाही. त्यानं गावी यावं नाहीतर मत सोडावं.

कायदा केला, पण टपाल वेळेवर पोचायला पाहिजे की! उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपल्याशिवाय यादी पक्की होत नाही, यादी पक्की झाल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. मागे घेण्याचा शेवटचा दिवस आणि मतदान यांच्यात पूर्वी किमान २० दिवस असायचे. १९९६ साली ते १४ केले. प्रचाराचा खर्च कमी व्हावा म्हणून ते ठीक, पण सरहद्दीवर पाकीट जाऊन परत येण्यासाठी तेवढेच दिवस कमी झाले. एक सवलत मात्र आहे. टपाली मत मतदानाच्या दिवसापर्यंत नव्हे, मोजणी सुरू व्हायच्या ठरलेल्या वेळेपर्यंत पोचलं तरी धरतात.

मार्च १९७१ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा अण्णा पूर्वेकडं होते. मी कॉमर्सला शिकत होतो. मतदानाचं वय तेव्हा २१, म्हणजे मला मत नव्हतंच. अण्णांचं पत्र आलं. त्यात घरची ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर खाली एक ओळ होती. मतपत्रिकेचं पाकीट मिळालं, पण त्याच्या आधी रेडिओवर निकाल मिळाला. त्याखाली आणखी एक ओळ, ‘तुझं वय झालं की तू चुकवू नको.’ पुढं रिटायर होऊन आल्यावर प्रत्येक मतदानाच्या संध्याकाळी त्यांचा मला एकच प्रश्न असायचा, “दिलास काय रे मत?” होय म्हटलं की विषय संपला. कुणाला दिलं ते त्यांनी जन्मात विचारलं नाही.

नंतरच्या काळात जवानांसाठी दोन सुधारणा झाल्या. २००३ साली जवानाला गावातल्या आपल्या माणसाला मुखत्यार नेमायची मुभा मिळाली. तो मुखत्यार स्वतःच्या मताची शाई तर्जनीला लावून घेतो आणि जवानाच्या मताची मधल्या बोटाला. २०१६ साली नियम बदलून मतपत्रिका संगणकावरून पाठवायची सोय केली. युनिटमध्ये ती छापून घ्यायची, खूण करायची आणि परत मात्र टपालानंच धाडायची. म्हणजे जायचे दिवस वाचले, यायचे तेवढे राहिले. २०१९ च्या निवडणुकीत असे सुमारे १८ लाख सैनिक-मतदार यादीत होते.

आता माझ्याकडं वळतो.

बँकेत माझी पहिली पाच वर्षं काउंटरवर गेली. चेक आला की नमुना सहीचं कार्ड काढायचं, सही ताडून बघायची. जुळली नाही तर चेक परत, सोबत मेमो. मेमोवर कारणांची छापील यादी असायची. सही वेगळी आहे, तारीख नाही, अक्षरी आणि अंकी रकमेत फरक. लागू असेल त्यावर खूण करून द्यायची. गिऱ्हाईक चिडायचं, पण कशासाठी परत आला हे त्याला कळायचं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणायचं. पैसे भरले तर स्लिपचा अर्धा भाग शिक्का मारून हातात. बँकेत कागद घेतला आणि पोच दिली नाही असं होत नाही. ही सवय अंगात मुरलेली.

निवडणुकीच्या कामाला बँकवाल्यांना जुंपायचं की नाही, यावरही एक वाद झाला होता. पाटण्याच्या स्टेट बँक कर्मचाऱ्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९५ साली कोर्टानं सांगितलं की तेव्हाच्या कायद्याप्रमाणं बँकेच्या माणसांना असं मागवून घेता येत नाही. आम्ही खूश झालो. पण आमची खुशी फार टिकली नाही. १९९८ साली कलम १५९ बदलून त्याचा आवाका वाढवला आणि आमच्या टेबलावर नेमणुकीचे हुकूम येऊ लागले.

मधल्या काळात १९९६ ची ती आपली निवडणूक झाली. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून आपल्या लोकांनी बेळगाव लोकसभेसाठी शेकड्यांनी अर्ज भरले आणि रिंगणात ४५६ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची पुस्तिकाच काढावी लागली, मतदान पुढं ढकलावं लागलं. त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली. ती पुस्तिका टपालानं पलटणीत पोचली तेव्हा जवानानं आपला उमेदवार कुठल्या पानावर शोधला असेल, असं अण्णा हसत हसत विचारायचे.

एप्रिल २००४. कर्नाटकात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही एकदम होत्या. मी धारवाड जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो, नाव बेळगावच्या यादीत. हुकूम आला, मतदान केंद्राध्यक्ष. काम स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर ड्युटीचा दाखला घेऊन त्याच केंद्रावर मत देता येतं. दुसऱ्या मतदारसंघात असेल तर किमान सात दिवस आधी फॉर्म १२ भरून टपाली मतपत्रिका मागवायची. मी वेळेत फॉर्म भरला. लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी अशा दोन मतपत्रिका हातात आल्या. प्रत्येकीबरोबर तीन गोष्टी. फॉर्म १३-ए म्हणजे आपलं घोषणापत्र, १३-बी म्हणजे आतलं छोटं पाकीट, १३-सी म्हणजे बाहेरचं मोठं पाकीट.

पद्धत अशी. खूण केलेली मतपत्रिका छोट्या पाकिटात घालून चिकटवायची. घोषणापत्र त्या छोट्या पाकिटात घालायचं नाही. ते आणि छोटं पाकीट, दोन्ही मोठ्या पाकिटात. मोजणीच्या वेळी आधी मोठं पाकीट उघडतात, घोषणापत्र बघतात. सही आहे का, साक्षांकन आहे का, मतपत्रिकेचा क्रमांक जुळतो का. सगळं बरोबर असेल तरच छोटं पाकीट उघडायच्या ढिगात जातं. नसेल तर न उघडताच बाद. माणूस कोण ते बाहेरच्या कागदावर, मत कुणाला ते आतल्या पाकिटात, दोघांची गाठ पडू द्यायची नाही. ज्यानं हे शोधून काढलं त्याला बँकेत घ्यायला हवं होतं.

साक्षांकन कुणाचं, तेही ठरलेलं आहे. जवानासाठी त्याच्या युनिटच्या प्रमुखानं नेमलेला अधिकारी, स्थानबद्धासाठी तुरुंगाचा अधीक्षक, निवडणुकीच्या कामावर असलेल्यासाठी राजपत्रित अधिकारी किंवा त्या केंद्राचा केंद्राध्यक्ष. आता माझी अडचण बघा. माझ्या हाताखालच्या तिघांच्या घोषणापत्रांवर मी सही करू शकत होतो. तशी केलीही. पण माझ्या घोषणापत्रावर मीच कशी करणार? तीस वर्षं लोकांच्या सह्या साक्षांकित केल्या, पण बँकेचा मॅनेजर राजपत्रित नव्हे.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका खेड्यातल्या शाळेत पोचलो होतो. झोनचे अधिकारी जीपमधून पाहणीला आले, ते राजपत्रित होते. त्यांना थांबवलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून दोन्ही घोषणापत्रांवर सही-शिक्का घेतला. रात्री दहा वाजता वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात मी पाकिटं भरली. डोक्यात दुसऱ्या दिवशीची यंत्रं, एजंटांचे पास, सतराशे साठ फॉर्म. दुसऱ्या दिवशी मतदान आटपून, यंत्रं जमा करून धारवाडला परत यायला मध्यरात्र उलटली. सकाळी हेड पोस्टात जाऊन दोन्ही पाकिटं स्वतः टाकली.

आठ-दहा दिवसांनी रविवारी बेळगावला घरी आलो होतो. बायकोनं बॅग धुवायला काढली आणि आतल्या कप्प्यातला एक कागद माझ्या हातात दिला. “हे पाहिजे काय?” फॉर्म १३-ए. गुलाबी मतपत्रिकेचा. माझी सही, त्या अधिकाऱ्यांची सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. नुसता पाकिटात घातलेला नव्हता.

मोजणीला अजून वेळ होता. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं सभ्यपणे सांगितलं की आलेलं पाकीट मोजणीआधी उघडत नाहीत, त्यात मागाहून कागद घालता येत नाही आणि एकदा पाठवलेल्या मताऐवजी दुसरी मतपत्रिका मिळत नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं. किती लोकांचे चेक मी सही राहिली म्हणून परत केले असतील! फरक एवढाच, की चेक परत येतो.

१३ मे २००४ ला निकाल लागले. विधानसभेच्या मोजणीत चामराजनगर जिल्ह्यातल्या संतेमरहळ्ळी मतदारसंघाचा आकडा सगळ्या कर्नाटकात गाजला. आर. ध्रुवनारायण यांना ४०,७५२ आणि ए. आर. कृष्णमूर्ती यांना ४०,७५१. एका मतानं! कृष्णमूर्तींच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या दिवशी मोकळीक मिळाली नाही आणि त्याचं मत राहिलं, असं नंतर वर्तमानपत्रांत आलं. आमच्या मतदारसंघात असं काही झालं नव्हतं, माझ्या एका मतानं तिथं फरक पडला नसता. पण ती बातमी वाचताना पेपर हातातून खाली ठेवला.

मतदान झालं त्या संध्याकाळी मी धारवाडकडं होतो, त्यामुळे अण्णांनी निकालाच्या दिवशी विचारलं. “दिलास काय रे मत?” मी म्हटलं, “होय.” पांढरं पोचलं असणार, म्हणजे अर्धं खरं होतं. पण अण्णांना अर्धं चालत नसे, हे मला ठाऊक होतं.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघं लेकीकडं अमेरिकेला गेलो. ती सिअॅटलजवळ राहते, तिकडची नागरिक आहे. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी एका दुपारी टपालपेटीतून बिलं आणि जाहिरातींबरोबर मतपत्रिका आली. मागवली नव्हती, आपोआप आली. मी विचारलं, “तू काय इलेक्शन ड्युटीवर आहेस?” ती हसायला लागली.

तिथं मतदानाचे नियम मुख्यतः ज्या त्या राज्याचे. सैनिकांपासूनच तिकडंही सुरुवात झाली. १८६४ साली यादवी युद्ध चालू असताना उत्तरेकडच्या बऱ्याच राज्यांनी पलटणीतून मत द्यायची सोय केली होती. पुढं ऑरेगन राज्यानं १९९८ मध्ये लोकांचा कौल घेऊन सगळ्यांनाच टपालानं मतदान लागू केलं आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूक त्या पद्धतीनं पार पाडली. लेकीच्या वॉशिंग्टन राज्यात २०११ पासून सर्व जिल्ह्यांत तेच आहे. निदान अठरा दिवस आधी मतपत्रिका घरी येते, परत पाठवायला तिकीट लावावं लागत नाही, मतदानाच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का असला की पुरे. तिची नणंद टेक्सासमध्ये आहे. तिला हे मिळत नाही. तिथं वय ६५ च्या वर, आजारपण, अपंगत्व, गावाबाहेर असणं, अशी ठरावीक कारणं लागतात. पेनसिल्व्हेनियात आतलं गुप्ततेचं पाकीट घालायला विसरलं तर मत बाद, असा २०२० मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय झाला. हे ऐकलं आणि मी म्हटलं, चला, पाकिटात गफलत करणारा जगात मी एकटा नाही.

लेकीनं जेवणाच्या टेबलावर बसून खुणा केल्या, बाहेरच्या पाकिटावर सही केली, रस्त्यावरच्या पेटीत टाकून आली. चार दिवसांनी तिला पत्र आलं. तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. झालं होतं काय, की मुलांनी सही मराठीतच करायची हा आमच्या घरचा दंडक. तिच्या लायसनवर, पर्यायानं मतदार नोंदणीतही, सही मराठीत. त्या दिवशी घाईत तिनं ऑफिसातल्यासारखी इंग्रजीत ठोकली. पत्राबरोबर एक फॉर्म होता. त्यावर नव्यानं सही करून पाठवली. दोन-तीन दिवसांत फोनवर दिसलं, तुमची मतपत्रिका स्वीकारली आहे. निकाल अधिकृतपणे पक्का करायच्या आदल्या दिवसापर्यंत ही दुरुस्ती करता येते म्हणे.

मी तो फोन हातात घेऊन किती तरी वेळ बघत बसलो. हा तर चेक परत आल्याचा मेमो, आणि ही पोच!

आपलं सगळं वाईट आणि त्यांचं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. टेबलावर बसून मत देताना शेजारी कोण बसलंय, सासरा की मालक की गावचा पुढारी, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. आपल्याकडं मतदान केंद्रातल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला फार अर्थ आहे. ड्युटीवरच्या लोकांनी टपाली मतपत्रिका बरेच दिवस जवळ ठेवल्या तर त्यांच्यावर दडपण येऊ शकतं, आमिष दाखवलं जाऊ शकतं, म्हणून २०२३ साली आपल्याकडं नियम बदलला. आता त्यांनी सुविधा केंद्रात जाऊन तिथंच मत द्यायचं. मेणबत्तीच्या उजेडात पाकिटं भरायचा प्रसंग आता कुणावर येणार नाही. हे चांगलंच झालं. परदेशात राहणाऱ्या आपल्या पासपोर्टवाल्यांना २०१० च्या दुरुस्तीनं यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला इथं यावं लागतं. त्यांना मुखत्यार नेमू देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना हे माहीत असेलच.

आता शेवटचं. २०१९ साली ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारांना घरून टपाली मत द्यायची सोय नियमात आली, तेव्हा वयाची अट ८० होती. २०२३ च्या विधानसभेला आपल्याकडं ती मिळाली, पण अण्णांनी साफ नाकारली. “मी काय झोपलोय होय?” काठी टेकत गेले आणि मत देऊन आले. पुढच्या हिवाळ्यात मोरीत घसरले, खुबा मोडला. २०२४ च्या मार्चमध्ये अट ८० वरून ८५ केली. अण्णा ८७ चे, त्यात बसले. बीएलओनं फॉर्म १२-डी घरी आणून दिला, पाच दिवसांच्या मुदतीत भरून दिला. बेळगावचं मतदान ७ मे ला होतं, त्याआधीच एक दिवस सांगून त्यांचं पथक आलं. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. पथकातली बाई शिक्षिका होती, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत होती. तिनं पलंगाजवळ पुठ्ठ्याचा आडोसा लावला, कॅमेरेवाल्याला दुसरीकडं तोंड करायला सांगितलं आणि आम्हा घरच्यांना बाहेर काढलं.

खूण झाल्यावर आम्हाला आत बोलावलं. मी नुसतं बघत होतो. मतपत्रिका छोट्या पाकिटात. छोटं पाकीट चिकटवलं. घोषणापत्र, अण्णांची सही, बाईंची सही. मोठं पाकीट उघडलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, तेरा-ए आत घातलात ना?” ती म्हणाली, “घातले की सर, बघा,” आणि पाकीट चिकटवायच्या आधी वाकवून दाखवलं. अण्णांनी तिला विचारलं, “पोच काही मिळणार?” ती जरा गोंधळली. रजिस्टरात तुमची सही घेतलीय, म्हणाली. अण्णांनी मान डोलावली, पण समाधान झालं नाही, हे मला दिसलं.

पथक गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. २००४ चं. गुलाबी मतपत्रिका, बॅगेतला कागद, आणि ‘होय’ म्हणून मारलेली थाप. ते बराच वेळ छताकडं बघत होते. मग म्हणाले, “वीस वर्षं पोटात ठेवलास? मला वाटलं, बँकेत काहीतरी घोटाळा केलास की काय!” आणि थोड्या वेळानं, “माझी किती पोचली आणि किती वाटेत गेली, मला तरी कुठं ठाऊक आहे? पाठवायचं काम आपण केलं. पुढचं त्यांनी सांगायला पाहिजे होतं.”

अण्णा या जानेवारीत गेले. त्यांची ट्रंक आवरताना जुन्या पत्रांत १९७१ चं एक रिकामं पाकीट निघालं.

त्यांचं ते शेवटचं वाक्य मला पटलं आहे. त्याच निवडणुकीत मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांवर लागला आणि बाद टपाली मतं पुन्हा तपासावी लागली, ते तुम्ही बघितलंच. जिंकण्यातला फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती पुन्हा तपासलीच पाहिजेत, असा आयोगाचा दंडक आहे. उमेदवारासाठी ही काळजी घेतली जाते. पण ज्याचं मत बाद झालं त्याला आपल्याकडं कुणी कळवत नाही. यानं गुप्तता मोडेल, असं कुणी म्हणेल. मोडत नाही. नाव-गाव बाहेरच्या पाकिटावर आणि घोषणापत्रावर असतं. ‘तुमचं पाकीट मिळालं, घोषणापत्र बरोबर आहे’, किंवा ‘घोषणापत्र नव्हतं, म्हणून बाद’, एवढंच सांगायला आतलं पाकीट उघडावं लागत नाही. मोबाइलवर एक ओळीचा संदेश पुरे. गॅस सिलिंडर घरी आला की येतो ना!

तेवढं होईपर्यंत आपण आपलं बघायचं. घरात ८५ च्या वरचं कुणी असेल, किंवा दिव्यांग असेल, तर निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसांत १२-डी द्या, नंतर घेत नाहीत. मुलगा-सून फौजेत असतील तर दोघांचीही नावं सैनिक-मतदार यादीत आहेत का, ते आत्ताच विचारा. आणि पथक घरी आलं की, वाईट दिसेल म्हणून गप्प बसू नका. पाकीट चिकटवायच्या आधी आतले कागद मोजा. दोन असले पाहिजेत, एक छोटं पाकीट आणि एक घोषणापत्र.